'समुराई ड्वार्फ' स्नेक प्लांट: पानं उत्तम, कुंडीतलं मिश्रण टाकाऊ

एकावर एक रचलेली, होडीसारखी जाड पानं, टोकाला काटा. वाढ फार संथ, त्यामुळे खिडकीतल्या ४ इंची कुंडीत बरीच वर्षं मावतं. किंमत साध्या स्नेक प्लांटपेक्षा बरीच जास्त. ती मुळं आणि बुंधा टणक असेल तरच द्यावी. बुंध्याशी बोट दाबून बघा, मऊ लागलं तर घेऊ नका.

नर्सऱ्यांमधून ही रोपं बहुतेकदा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) येतात. ते वरून कोरडं दिसतं, आत ओलं राहतं, आणि नागपूरच्या पावसाळ्यात मूळ सडतं. घरी आणल्यावर मुळं मोकळी करून २ भाग धुतलेली जाड कन्हान नदीची रेती, १ भाग विटांचे बारीक तुकडे, १ भाग चाळलेलं शेणखत यात लावा. मातीचीच कुंडी. काळी माती चिमूटभरही नको. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

पुढे उन्हाळ्यात साधारण १२ दिवसांनी, पावसाळ्यात महिन्याने, तेही मिश्रण तळापर्यंत सुकल्यावरच. पाणी कुंडीच्या कडेने घाला. पानांच्या बेचक्यात साचलं की तिथूनच कुज सुरू होते. कुलरच्या झोतासमोर ठेवू नका (आपल्याकडे नेमकी तीच खिडकी रिकामी असते!). सकाळचं ऊन चालतं, मे महिन्यातलं दुपारचं पानं भाजतं.

बेचक्यात पांढरी कापसासारखी कीड (मिलीबग) दिसली तर स्पिरिटचा बोळा फिरवा. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर उंचावर ठेवा. पान खाल्लं तर त्रास होतो, काटाही टोचतो.