रिलेच्या चार जागा: ट्रायलने भराव्या, हंगामाने की शिबिराने?

भारताचा महिला रिले संघ जाहीर झाला की नागपुरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "घड्याय काय म्हनते ते पाहा, पहिल्या चार घ्या, विषय खतम." दुसरा म्हणतो, "घड्याय सोडा भाऊ, पोट्टी बॅटन घेऊन कशी पयते ते पाहा." दोघांचेही अर्धे बरोबर असते. गोची एवढीच की दोघे वेगवेगळ्या शर्यतीबद्दल बोलत असतात. पहिल्याच्या डोक्यात ४ बाय ४०० असते आणि दुसऱ्याच्या डोक्यात ४ बाय १००.

हा आढावा संघ निवडायला बसणाऱ्यांसाठी आहे, मग ते कॉलेजात बसोत, विद्यापीठात की जिल्हा संघटनेत. उदाहरणे मात्र बहुतेक राष्ट्रीय संघाची घेतली आहेत, कारण तिथे कोण धावले आणि निकाल काय लागला हे उघड्यावर आहे.

आधी शर्यत कोणती ते ठरवा

एक साधा भागाकार करून बघा. महिलांच्या ४ बाय १०० चा जागतिक विक्रम अमेरिकेचा आहे, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधला, ४०.८२ सेकंदांचा. चारने भागले की एकीच्या वाट्याला १०.२१ सेकंद येतात. आणि एकटीने १०० मीटर धावण्याचा विक्रम? फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा, १९८८ मधला, १०.४९. म्हणजे चौघींची सरासरीच जगातल्या सर्वात वेगवान धावेपेक्षा सरस. कारण उघड आहे. पहिली सोडली तर बाकी तिघी जागेवरून सुटत नाहीत. हातात बॅटन पडते तेव्हा त्यांचे पाय आधीच वेगात असतात.

आता ४ बाय ४००. विक्रम सोव्हिएत संघाचा, १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधला, ३ मिनिटे १५.१७ सेकंद. चारने भागले की ४८.७९. मारिटा कोखचा ४०० मीटरचा विक्रम ४७.६०. इथे सरासरी विक्रमाच्या सव्वा सेकंद मागे राहते. आपल्याकडेही तेच. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये भारतीय मुली ३:२६.८९ धावल्या, सरासरी ५१.७२, हिमा दासने एकटीने ५०.७९ काढले आहेत.

यावरून निवडीचे पहिले सूत्र निघते. ४ बाय १०० मध्ये वेळ बॅटनच्या बदलात कमावली किंवा गमावली जाते, म्हणून तिथे जोड्या निवडायच्या. ४ बाय ४०० मध्ये वेळ पायांत असते, तिथे धावपटू निवडायच्या. एकच पद्धत दोन्हीकडे वापरली की एक संघ हमखास बिघडतो. आपल्याकडे बहुतेक वेळा ४ बाय १०० चा बिघडतो.

एका दिवसाची ट्रायल

हिचा सर्वात मोठा गुण म्हणजे तोंडे बंद होतात. सगळ्या एका रेषेवर, एकच घड्याळ. कोणाची भाची, कोणत्या क्लबची, हा प्रश्नच उरत नाही. ज्या जिल्ह्यात निवड समितीवर कोणाचा फारसा भरवसा नाही तिथे हा गुण लहान समजू नका.

पण नागपूरच्या ट्रायलला नागपूरचे ऊन लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि दुपारी चारला सिंथेटिक ट्रॅकवर उभे राहिले तरी स्पाइक्समधून तळपाय भाजतात. त्या वेळी काढलेली ४०० ची वेळ आणि सकाळी सहाला काढलेली वेळ या एका वहीत लिहिण्यासारख्या नसतात. त्यातच गडचिरोलीची मुलगी रात्रभर एसटीत बसून आलेली असते आणि शहरातली घरून डबा खाऊन. एका दिवसाच्या ट्रायलमध्ये हे सगळे सेकंदांत मिसळते आणि कागदावर दिसत नाही.

४ बाय १०० साठी तर नुसती ट्रायल म्हणजे निवडीचा आव. अमेरिकेइतक्या वेगवान मुली क्वचितच कोणाकडे असतील. तरी २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत मॅरियन जोन्स आणि लॉरिन विल्यम्स यांना झोनच्या, म्हणजे बॅटन बदलायच्या आखीव पट्ट्याच्या, आत बॅटन बदलता आली नाही, आणि २००८ मध्ये बीजिंगला टोरी एडवर्ड्सकडून घेताना त्याच विल्यम्सच्या वेळी बॅटन खाली पडली. घड्याळाप्रमाणे त्या जागेवर त्यांचाच हक्क होता.

हंगामभराच्या वेळा

ही पद्धत मला ४ बाय ४०० साठी सर्वात रास्त वाटते, एका अटीवर: मुलीची सर्वोत्तम वेळ बघू नका, तिच्या सर्वात चांगल्या तीन वेळांची सरासरी बघा. सर्वोत्तम वेळ एखाद्या चांगल्या दिवशी कोणालाही लागते. रिलेत मात्र हीट आणि फायनल अशा दोनदा धावायचे असते, कधी कधी दुसऱ्याच दिवशी.

अडचण आहे ती वेळा कुठे घेतल्या याची. विदर्भात अजून पुष्कळ स्पर्धा मातीच्या मैदानावर आणि हातातल्या स्टॉपवॉचवर होतात. हात-घड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडताना ४०० मीटरला ०.१४ सेकंद आणि त्याहून छोट्या शर्यतींना ०.२४ सेकंद मिळवायचे असतात, हे समितीतल्या निम्म्या लोकांना माहीत असते आणि त्यातले निम्मे ते करत नाहीत. माती आणि सिंथेटिक यांच्यातल्या फरकाला मात्र असा ठरीव आकडा नाही. तिथे प्रशिक्षकाने त्या मुलीला एकदा सिंथेटिकवर पळवून बघणे हाच उपाय.

दुसरी खोट अशी की ज्या मुलीला प्रवासाचा खर्च परवडत नाही तिच्या नावावर तीन स्पर्धाच नसतात. नुसत्या हंगामावर गेलात तर ती यादीतच येणार नाही. ट्रायल ठेवायची ती अशा मुलींना दार उघडायला.

शिबिर

राष्ट्रीय संघाची पद्धत मुख्यतः ही. मुली महिनोन्महिने पतियाळासारख्या ठिकाणी राहतात, सोबत सराव करतात आणि संघ त्यांच्यातून निघतो. या पद्धतीचा हिशेब मांडायचा तर जमेची बाजू भक्कम आहे. २००२ ते २०१८ या काळात बुसान, दोहा, ग्वांगझू, इंचॉन आणि जकार्ता अशा सलग पाच आशियाई स्पर्धांत महिलांच्या ४ बाय ४०० चे सुवर्ण भारताने घेतले. एकेकट्या ४०० मीटरमध्ये आपला असा दबदबा कधीच नव्हता. हांगझोऊला २०२३ मध्ये ही साखळी तुटली, तरी रौप्य आले. तिथली ३:२७.८५ ही वेळ जकार्ताच्या सुवर्णापेक्षा चांगली होती. फक्त बहरीन आणखी वेगवान निघाले.

वजाबाकीची बाजूही सांगायला हवी. २०१० मध्ये दिल्लीचे राष्ट्रकुल सुवर्ण आणि ग्वांगझूचे आशियाई सुवर्ण मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर या एकाच चौकडीने आणले. पुढच्याच वर्षी त्यातल्या तिघी, सिनी, अश्विनी आणि मनदीप, उत्तेजक चाचणीत सापडल्या, बंदी आली आणि परदेशी प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांना घालवले गेले. मुलींचे म्हणणे होते की दोष पूरक आहारातला होता. बंद दाराआड सगळ्याजणी एकच खाणार-पिणार असतील तर चूक एकीची राहत नाही, सगळा संघ एकदम बसतो. रिलेत तर नियमच तसा आहे. नेस्टा कार्टरच्या एका नमुन्यापायी २००८ चे जमैकाच्या पुरुषांचे ४ बाय १०० चे सुवर्ण गेले, आणि त्यात उसेन बोल्टचेही गेले.

आपल्या पातळीवर शिबिर म्हणजे फार तर दहा-बारा दिवस. तेवढ्यात कोणाचा वेग वाढत नाही, पण ४ बाय १०० ची जोडी बसते. बॅटनचा झोन ३० मीटरचा असतो. घेणारी मागे न पाहता धावते; देणारी चेकमार्कवर, म्हणजे ट्रॅकवर लावलेल्या खुणेवर, आली की ती कधी सुटते आणि देणारीचा आवाज कधी येतो हे रोज पळूनच जमते. पहिलीने बॅटन उजव्या हातात धरायची, दुसरीने डाव्या, तिसरीने उजव्या, चौथीने डाव्या. वळणावर आतून धावणाऱ्या पहिली आणि तिसरी. तिसऱ्या जागेची मुलगी सर्वात दुर्लक्षित असते, खरे तर तिला वळणही घ्यायचे, बॅटन घ्यायची आणि द्यायचीही. तुमच्याकडे शंभर मीटरला चौथी येणारी पण वळणावर न डगमगणारी मुलगी असेल तर ती जागा तिची. यादीतल्या तिसरीची नव्हे.

चौथी मुलगी कुठे शोधायची

४ बाय ४०० मध्ये आपल्याकडचे वाद सहसा पहिल्या तीन नावांवर होत नाहीत, चौथ्यावर होतात. आणि इथे राष्ट्रीय संघाचा इतिहास फार उपयोगाचा आहे. बुसानच्या सुवर्णपदक विजेत्या संघात सोमा बिस्वास होती. ती हेप्टॅथलॉनची, म्हणजे सात प्रकारांच्या स्पर्धेची खेळाडू, त्याच स्पर्धेत तिने हेप्टॅथलॉनचे रौप्यही घेतले. त्याच संघातल्या के. एम. बीनामोलने तिथेच ८०० जिंकली आणि ४०० चे रौप्य घेतले. इंचॉनच्या संघात टिंटू लुका धावली, ती ८०० ची. ग्वांगझूची अश्विनी अक्कुंजी ४०० मीटर हर्डल्सची विजेती, जकार्ताची सरिता गायकवाड हर्डल्सवालीच, आपल्या नाशिकला लागून असलेल्या डांगची. हांगझोऊची विथ्या रामराजही तीच, जिने तिथे पी. टी. उषाच्या १९८४ च्या ५५.४२ ची बरोबरी केली.

म्हणून ४०० च्या निकालपत्रकात पाचवी-सहावी कोण आली हे बघत बसण्याआधी ८०० आणि हर्डल्सची पत्रके उघडा. ८०० वाली शेवटच्या शंभर मीटरला मोडत नाही. हर्डल्सवालीला पावलांचा हिशेब आणि गर्दीतला धीर दोन्ही असतात. विदर्भात लांब पल्ल्याची आवड जुनी आहे, ८०० ला नाव देणाऱ्या मुली मिळतात. ४०० ला बोलावले की मात्र "सर, माझा इव्हेंट नाही हा" म्हणतात. त्यांना समजवायचे काम प्रशिक्षकाचे.

यावर एक रास्त आक्षेप असतो: मूळ ४०० वालीवर अन्याय नाही का? दोघींना बॅटन देऊन, पळता आरंभ देऊन, शेजारी दुसरी मुलगी ठेवून धावू द्या आणि स्प्लिट, म्हणजे बॅटनसह एकीच्या टप्प्याची वेळ, घ्या. ज्या परीक्षेत दोघींना खरोखर बसायचे आहे ती हीच.

क्रम

सर्वात वेगवान मुलगी शेवटी, हा आपला ठरलेला रिवाज. जकार्तात २०१८ ला भारताने तो मोडला. हिमा दास पहिली धावली, तिने मोठी आघाडी दिली, पूवम्मा आणि सरिताने ती धरली आणि शेवटी विस्मयाने ती बहरीनच्या सलवा ईद नासेरसमोर राखली. नासेर त्याच स्पर्धेतली ४०० मीटरची विजेती, हिमाला मागे टाकून. वेळ लागली ३:२८.७२.

यामागे नियमाचे गणित आहे. पहिली पूर्ण फेरी आपल्या लेनमध्ये धावते, दुसरी पहिल्या वळणापर्यंत लेनमध्ये राहून मग आत येते. तिसरीने आणि चौथीने झोनमध्ये कुठे उभे राहायचे हे येणाऱ्या मुलींच्या क्रमावर ठरते. पुढच्या संघाला आतली जागा मिळते. मागे असलेल्याला बाहेरून वळसा पडतो आणि झोनमधल्या धक्काबुक्कीतून वाट काढावी लागते. तुमच्याकडे एक फार वेगवान आणि तीन मध्यम मुली असतील तर तिला पहिली ठेवून बघा. चौघी साधारण सारख्या असतील तर रिवाज पाळलेला बरा, आणि शेवटी वेगापेक्षा खुन्नस असलेली ठेवा. दुसऱ्या जागेवर घाबरट मुलगी कधीच नको, लेन सुटते ती तिथेच.

मग करायचे काय

समजा तीन नावे पक्की झाली आणि चौथ्या जागेसाठी तिघी आहेत. पहिलीच्या वेळा ५५.१, ५६.८ आणि ५७.०. दुसरीच्या ५५.९, ५६.० आणि ५६.२. तिसरी ८०० ची, ४०० ला हात-घड्याळावर ५६.९, मातीवर. ट्रायलवाला पहिलीला घेईल, ५५.१ च्या जोरावर. मी दुसरीला घेईन, कारण तिच्याकडून काय येणार ते मला आजच माहीत आहे. तिसरीला शिबिरात नक्की घ्यायचे आणि सिंथेटिकवर बॅटनसह स्प्लिट काढायचा, ५५.५ च्या आत आली तर दुसरीची जागा धोक्यात. पहिली राखीव, पण जिथे एकाच फेरीत निकाल आहे अशा स्पर्धेत तिच्यावर पैज लावायला हरकत नाही.

पद्धतींची वाटणी माझ्या मते अशी: दोन्ही रिलेंसाठी ट्रायलने आठ-आठ जणींना आत घ्यावे, ४ बाय ४०० च्या चार जागा हंगामाच्या सरासरीने आणि स्प्लिटने भराव्या, ४ बाय १०० च्या जागा शिबिरातल्या जोड्यांवर. राखीव कमी ठेवू नका. एकदा संघ स्पर्धेत उतरला की सुरुवातीच्या चौघींखेरीज आणखी चौघींपर्यंत बदली चालतात, तरी आपल्याकडे प्रवासखर्च वाचवायला पाचच जणी नेतात आणि हीटमध्ये एकीचा स्नायू ताणला की तिकिटाच्या पैशांचा हिशेब आठवतो. सहा न्या, आणि सहावी अशी निवडा जी दोन्ही रिलेत उभी राहू शकेल. बहुधा ती ४०० मीटर हर्डल्सची मुलगी असेल.