बी५५० टोमाहॉक: दिवाळी ते नागपूरचा मे, ओव्हरक्लॉकिंगसाठी घेतलेल्या मदरबोर्डचा अनुभव

दिवाळीत जोडलेल्या मशीनने आता पूर्ण उन्हाळा काढला, त्यामुळे लिहायला हरकत नाही. बोर्ड एमएसआयचा मॅग बी५५० टोमाहॉक, त्यावर एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, टॉवर एअर कूलर आणि डीडीआर४ ३६०० रॅम. काम ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) आणि व्हिडिओ एक्सपोर्टचं, रात्री गेम्स.

चिपसेट, म्हणजे बोर्डवरची नियंत्रक चिप, कोणता घ्यायचा हा प्रश्न लवकर मिटतो. एएमडीच्या ए३२०, ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही), बी५५० आणि एक्स५७० वर होतो. एक्स५७० च्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटला चिमुकला पंखा असतो. आमच्याकडची धूळ बघता तो नकोच होता.

डोकं लावायचं ते व्हीआरएमवर, म्हणजे बोर्डवरच्या व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागावर. पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला सव्वा-दीड व्होल्ट पुरवणं हे त्याचं काम. व्होल्टेज उतरलं की करंट चढतो: ५८००एक्सची मूळ मर्यादाच १४२ वॅटची, सलग ९५ आणि क्षणभर १४० अँपिअर. ओव्हरक्लॉक केलं की याच्याही वर. खोक्यावरचा फेजचा (करंट वाटून घेणाऱ्या शाखांचा) आकडा बघून भुलू नका. डबलर (एका फेजचे दोन करणारी चिप) लावूनही तो फुगवता येतो. प्रत्येक पॉवर स्टेज (फेजमधली करंट वाहणारी चिप) किती अँपिअरची आणि वरचा हीटसिंक केवढा, हे विचारा. टोमाहॉकवर प्रोसेसरसाठी ६० अँपिअरच्या १० स्टेज आहेत. ५८००एक्सला हे पुरून उरतं.

थंडीत लांबलचक रेंडरमध्ये व्हीआरएम पन्नाशीच्या आसपास राहायचा. मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत छत्तीस-सदतीस असतानाही सत्तरीला पोचला नाही. प्रोसेसर मात्र ८८-८९ वर. आठही कोअर जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या एका चिपलेटमध्ये (सिलिकॉनच्या तुकड्यात) कोंबलेले. उष्णता कूलरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, आणि ९० अंशांना चिप स्वतःच वेग उतरवते. म्हणजे इथे अडतं ते चिपपाशी, बोर्डपाशी नाही. (डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेणाऱ्यांनो, ती दमट हवा आहे. खिडकी दुसरीकडे शोधा.)

म्हणूनच सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झला, १.३ व्होल्टवर बांधून ठेवायचा जुना प्रकार मी होळीच्या आधीच सोडला. रेंडर थोडं लवकर व्हायचं, पण एका कोअरचा ४.८ च्या वरचा बूस्ट हातचा जायचा आणि गेममध्ये ते जाणवायचं. आता पीबीओ (प्रोसेसरला मूळ मर्यादेपलीकडे बूस्ट होऊ देणारी एएमडीची सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरगणिक व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग). उत्तम दोन कोअर उणे १०, बाकीचे उणे २० ते २५. सगळ्यांना सरसकट उणे ३० देणाऱ्यांचे स्क्रीनशॉट छान दिसतात, पण असं मशीन लोडवर तासन्‌तास टिकतं आणि नुसता ब्राउझर उघडा असताना रीस्टार्ट होतं. कारण कमी लोडवरच एखादा कोअर सर्वात उंच बूस्टला जातो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची) नोंद दिसली की आधी हेच तपासा; कोअरसायकलर हा चाचणी प्रोग्रॅम एकेक कोअर वेगळा ताणतो, दोषी कोअर सापडतो. पीबीओमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

रॅमला एक्सएमपी (तिच्या जाहीर वेगाची तयार सेटिंग) लावून इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग जोडणारी वाट) १८०० मेगाहर्ट्झवर ठेवलं, पुन्हा हात लावला नाही.

खटकलं ते असं: दोन आकडी एरर कोडचा डिस्प्ले नाही, चार डीबग दिव्यांवरून अंदाज बांधायचा. रॅमचे टायमिंग चुकले की हे फार जाणवतं. एसएसडीचा दुसरा एम.२ स्लॉट जुन्या, हळू जेन ३ चा, आणि साध्या मॉडेलमध्ये वायफाय नाही. उलट फ्लॅश बायोस बटण सोन्यासारखं: प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) चढवता येतो. अपडेटआधी कर्व्हच्या आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सेटिंग्ज पुसल्या जातात.

५८००एक्स३डी बसवणार असाल तर हा बोर्ड नका घेऊ. त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) एएमडीने बंदच ठेवलाय. बऱ्यापैकी हीटसिंकचा एखादा स्वस्त बी५५० घ्या, वाचलेले पैसे कूलरमध्ये घाला.