१५ इंची म्हणून घेतलेल्या ग्रो बॅगा आणि आमची भरताची वांगी

मागच्या आषाढात ऑनलाइन १० ग्रो बॅगा मागवल्या, ४८० रुपयाला, कंपनीचं नाव घेत नाही. १५ बाय १५ साइज, आणि फोटोवर लिहिलेलं की एका बॅगेत वांग्याची ३-४ रोपं आरामात. पार्सल आलं, घडी उघडून टेप लावला, बरोबर १५ इंच, खूश झाले. माती भरल्यावर सहज परत टेप लावला तर व्यास साडेनऊ इंच!! हे लोक सपाट पडलेल्या पिशवीची रुंदी सांगतात. भरली की ती गोल होते, घेर झाला ३०, भागिले ३.१४, आले साडेनऊ. खरोखर १५ इंच व्यासाच्या बॅगेत जेवढी माती बसेल त्याच्या निम्मी पण यात बसत नाही. नवरा म्हणे दहावीचं गणित आत्ता कामाला आलं तुझ्या.

तरी लावलीच. बाजारातून भरताच्या हिरव्या वांग्याची रोपं आणलेली, सहा बॅगांत तीन-तीन, दोनात एक-एक. उरलेली ८ सासूबाईंनी मागे परसात काळ्या मातीत लावली, मधे अडीच-अडीच फूट सोडून. मी म्हटलं आई, एवढी जागा कशाला वाया घालवता, तर म्हणे "वांग्याले पाय पसराले जागा लागते माय". आणि वाया कुठे घातली, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर टाकली आणि झाडं पसरायच्या आत उपटून भाजी करून खाल्ली पण.

पहिला महिना गच्चीवरच्या बॅगांतलीच रोपं भारी दिसत होती, फोटो पण टाकले मी ग्रुपवर. ऑक्टोबरचं ऊन लागलं तशी मजा सुरू. दुपारी एकला पानं माना टाकून बसलेली, दोन वेळ पाणी घाला तरी तेच, खालची पानं पिवळी, आणि तीन झाडांची पानं एकमेकांत गुंतल्यामुळे आत हवाच नाही, मावा (रस शोषणारी बारीक कीड) नुसता चिकटलेला. वांगी लिंबाएवढी. त्याचं काय भरीत करणार, काटकीवर भाजायला ठेवलं तर सापडायचं नाही. एक-एकवाल्या बॅगांत मात्र सहा-सात मध्यम वांगी मिळाली. आणि परसातली? पाच-सहा दिवसांतून एकदा पाणी, काळी माती ओल धरून ठेवते ना, चंपाषष्ठीच्या नैवेद्याला अर्ध्या किलोचं एक असं वांगं तोडलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय २०१६ मध्ये, तो काही लिंबाएवढ्या वांग्यासाठी नाही!

शेवटी तीनवाली एक बॅग उलटी केली. मातीचा गोळा जसाच्या तसा बाहेर, बॅगेच्याच आकाराचा, आणि चहूबाजूंनी पांढरी मुळं गोल गोल फिरलेली, सुंभ गुंडाळल्यासारखी. कोणत्या झाडाचं मूळ कोणतं ते सुटेना.

एक चूक माझी पण आहे. मी सुरुवातीला नुसती काळी माती भरली, ती वाळल्यावर विटेसारखी झाली, कडेने फट पडली आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली गच्चीवर. नंतर माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या प्रमाणात मिसळलं तेव्हा बरं झालं.

बॅगेचा माल वाईट नाही हां, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन खाऊन पण शिवण उसवली नाही, रंग थोडा उडाला बस. मेथी, कोथिंबीर मस्त येते, दोन-दोन बोटांवर बी टाकलं तरी चालतं कारण महिन्याभरात उपटायचीच असते. मिरची लावली तर बॅगेला एकच, मी आता तेच केलंय.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे मॅडम साइज सपाटच मोजतात, आणि माती भरलेली बॅग रिटर्न होत नाही. पाचपैकी अडीच स्टार, ते पण शिवणीसाठी. भरल्यावर खराखुरा १५ इंच व्यास पाहिजे असेल तर सपाट रुंदी साधारण २४ इंच लिहिलेली बघून घ्या, आणि त्यात पण भरताचं वांगं एकच लावा.