एक स्वर उतरवून विकलेली गिटार

ज्या माणसाने मला खराब गिटार विकली, त्याच्याच निळ्या भिंतीला टेकवलेली आणखी एक गिटार गेल्या आठवड्यात विक्रीला दिसली, म्हणून हे लिहितोय. पुण्यात जुनी अकूस्टिक गिटार शोधत असाल तर घाई करू नका.

माझे हात लहान आहेत. आधीच्या गिटारवर एफ कॉर्ड धरली की दोन मिनिटांत मनगट भरून यायचं. त्यामुळे कात्रजला त्या माणसाच्या घरी गिटार हातात घेतली आणि एफ अलगद वाजली, तेव्हाच मी अर्धा विकला गेलो होतो. तारा अगदी मऊ. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, मुठीत छान बसत होता. ट्यूनरसाठी, म्हणजे सूर तपासायला, फोन काढला, तर तो म्हणाला, "दादा, आत्ताच लावून ठेवलीय." मी फोन परत खिशात टाकला. चूक झाली ती इथे.

मग भाव. त्याने २२ हजार सांगितले, मी १४ म्हणालो. फारशी खळखळ न करता तो साडेपंधरावर आला. साडेसहा हजार सुटले या आनंदात मी पैसे देऊन निघालो.

घरी ट्यूनर लावला. ई तार डी दाखवत होती. सहाच्या सहा तारा एक पूर्ण स्वर खाली! एक स्वर उतरवला की तारांचा ताण साधारण एक पंचमांशाने कमी होतो. तो मऊपणा नेकचा नव्हताच. तारा जागेवर चढवल्या, तर बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड ई तार चार मिलिमीटर वर. तिथे अडीचच्या आसपास असेल तर हात सुखाने चालतो.

सकाळी उजेडात नेकवरून एक डोळा मिटून पाहिलं, तर नेकला आलेला बाक स्पष्ट दिसत होता. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरली, तर सातव्या फ्रेटपाशी खालून एटीएम कार्ड सहज सरकलं. तिथे एखाद्या जाड कागदाएवढी फट पुरते.

कारागिराकडे नेली. त्यांनी ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, घातली. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक काढणारी सळई, आधीच शेवटपर्यंत आवळलेला, पुढे फिरेना. तारा ज्यावर टेकतात ते सॅडलही घासून घासून खालच्या ब्रिजच्या लाकडाला टेकलेलं. म्हणजे दोन्ही उपाय कुणीतरी आधीच करून संपवले होते. नेकवरची फ्रेट बसवलेली फळी, म्हणजे फिंगरबोर्ड, उखडून रॉड बदलायचा तर गिटारच्या किमतीएवढा खर्च, आणि खात्री नाही. विकणाऱ्याला फोन केला. "वाजवून बघूनच घेतलीत ना?" एवढं बोलून त्याने ठेवला, नंतर नंबर ब्लॉक.

मला आता एवढं कळतं की नेकची जाडी-रुंदी आणि तारांची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाडी बोटांना आवडली तरी ती ट्यूनिंग बरोबर असतानाच तपासा. पाच-दहा मिनिटं एफ आणि बी मायनर धरून बसा. ॲलन की मागा, रॉड दोन्ही बाजूंना थोडा फिरतो का, हे मालकालाच दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर उठा. संध्याकाळी दिव्याखाली बघायला जाऊ नका, मी तसाच गेलो होतो. आणि हे सगळं होईपर्यंत किमतीचा विषय काढू नका. एकदा घासाघीस सुरू झाली की डोळे गिटारवर राहत नाहीत.

सध्या ती डीमध्येच लावून दुसऱ्या फ्रेटवर केपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, ठेवतो. तशी बरी वाजते. कधी विकलीच, तर ट्यूनर समोर ठेवून विकेन.