सायकलवाटेच्या पाट्या: ब्रिटनची रीत की बेल्जियमची?

ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकल जाळ्यात क्रमांक मार्गाला असतो. निळ्या पाटीवर लाल चौकटीत. ब्रिस्टल ते बाथ ही जुन्या रेल्वेमार्गावरची सुमारे २१ किलोमीटरची वाट म्हणजे मार्ग ४ चा तुकडा. पाट्यांची देखभाल करणाऱ्या इथल्या स्वयंसेवकाच्या हातात स्टिकर, फडकं आणि छाटणीची कात्री. एखादी पाटी झुडपाआड गेली तरी सरळ वाटेवर फारसं बिघडत नाही.

बेल्जियमच्या लिंबुर्गमध्ये १९९५ साली वेगळीच पद्धत आली. तिथे क्रमांक वाटेला नाही, चौकाला. निघताना हव्या त्या चौकांचे आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि पाट्यांवरचे बाण बघत एकामागून एक गाठायचे. फेरी आपल्या मनाची, लांबी आपल्या दमाची. पण एका चौकातला बाण कुणी फिरवला, की माणूस थेट भलत्याच गावात! त्यामुळे तिथल्या स्वयंसेवकाचं खरं काम नजरेचं: पाटी आहे एवढं पुरत नाही, ती योग्य दिशेला वळलेली हवी, आणि नसेल तर लगेच कळवायला हवं.

राबायचंच असेल तर मला ब्रिटनची वाट बरी वाटते. काटेरी ब्लॅकबेरी छाटली की काम समोर दिसतं. (ओरखडे वेगळे.) फिरायला मात्र बेल्जियमच.