'ताई, पिल्लू एकदम ट्रेन्ड आहे'

पहिल्या रात्री अडीचच्या सुमाराला वासानं जाग आली. क्रेटमधलं, म्हणजे पिल्लाला झोपवायच्या पिंजऱ्यातलं, अंथरूण शी-शूनं माखलेलं आणि त्याच ओल्या अंथरुणावर हनुवटी टेकून पिल्लू गाढ झोपलेलं. ना रडणं, ना दार खरवडणं. त्याला धुतलं, पुसलं, अंथरूण बदललं. साडेपाचला परत तेच. नवी जागा आहे, बावरलं असेल, असं म्हणत आठ दिवस काढले. तेवढ्यात तीन अंथरुणं, दोन टॉवेल आणि नवऱ्याची सहनशक्ती कामातून गेली.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'चार महिन्यांचं, लसीकरण पूर्ण, क्रेट ट्रेन्ड, पॉटी ट्रेन्ड'. आम्ही दोघंही नोकरी करणारे, त्यामुळे भुललो ते शेवटच्या चार शब्दांना. त्या शब्दांचे विकणाऱ्यानं वेगळे पैसे लावले होते, आणि आम्ही ते आनंदानं दिले होते.

आता पिल्लू 'ट्रेन्ड' असल्याचं त्यानं दाखवलेलं प्रात्यक्षिक कसं झालं ते सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. आम्ही पोचलो तेव्हा त्यानं आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं. आत जाऊन पिल्लू आणलं ते झोपेतून उठवूनच; डोळे अर्धवट मिटलेले, जांभया चाललेल्या. आल्या आल्या त्याच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग कोपऱ्यात आधीच अंथरलेल्या, शू शोषून घेणाऱ्या पॅडवर त्याला सोडलं आणि म्हणाला, "आता बघा हां ताई." पिल्लानं पॅड हुंगला, एक गिरकी घेतली आणि शू केली. मी टाळ्या वाजवल्या. बहिणीला पाठवायला व्हिडिओसुद्धा काढला.

झोपेतून उठलेलं कुठलंही पिल्लू काही मिनिटांत शू करतं. खाल्ल्यावर, खेळल्यावर, उठल्यावर, या त्यांच्या ठरलेल्या वेळा. तुम्ही पॅडवर ठेवलंत तर पॅडवर करेल, तुमच्या चपलेवर ठेवलंत तर चपलेवर. त्यात शिकवण्याचा भाग शून्य. पण ज्यानं आयुष्यात कधी कुत्रं पाळलेलं नाही त्याला ही जादूच वाटणार, आणि त्या माणसाला ते पक्कं माहीत होतं.

डोळ्यांसमोर असून न दिसलेल्या गोष्टी आणखीही होत्या. पिल्लाला शाम्पूचा भपका येत होता, अंग नीट वाळलंसुद्धा नव्हतं. पांढऱ्या पंजांवर आणि पोटाखालच्या केसांवर पिवळट छटा होती. तो म्हणाला, रंगच तसा आहे. आई बघायची आहे म्हटलं तर ती 'दुसरीकडे असते'. पिल्लं झोपतात ती जागा दाखवा म्हटलं तर 'तिथं बाकीची बिथरतात'. मी मान डोलावली. आपणच बावळट दिसू नये म्हणून माणूस किती मान डोलावतो!

नवव्या दिवशी त्याला फोन केला. आवाज तोच, गोड. "ताई, माझ्याकडे एकदम क्लीन होतं. मालक बदलला की सवय मोडते. तुमचंच काहीतरी चुकतंय." आणि लगेच एका ट्रेनरचा नंबर दिला. सात दिवसांत गॅरंटी, पैसे आगाऊ. दोघांचं साटंलोटं होतं की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही, पण ट्रेनरला आमच्या पिल्लाचा रंग आम्ही सांगण्याआधीच ठाऊक होता.

त्या ट्रेनरचे सल्ले ऐका. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. दिवसा सलग आठ तास क्रेटमध्ये, म्हणजे 'धरायला शिकेल'. घाण केली की नाक त्यात घासायचं. नाक घासणं माझ्यानं एकदाच झालं आणि त्याची लाज अजून वाटते. तीन दिवसांत पिल्लू मला बघून पोट जमिनीला टेकवायला लागलं, सोफ्यामागे जाऊन गुपचूप शू करायला लागलं आणि पुढे तर आपलीच शी खाऊन पुरावा नाहीसा करायला लागलं. पैसे परत मागितले तेव्हा अट कळली: मालकाच्या नजरेआड एकदा जरी घाण झाली तरी गॅरंटी रद्द. म्हणजे ज्यासाठी गॅरंटी घ्यायची, ते घडलं की गॅरंटी संपली.

शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. खरं तर पहिल्या दिवशीच जायला हवं होतं. त्यांनी ओठ वर करून दात बघितले आणि विचारलं, "चार महिन्यांचं कोण म्हणालं?" चार महिन्यांच्या पिल्लाचे पुढचे दुधाचे दात पडून नवे यायला लागलेले असतात. आमच्या पिल्लाचे सगळे सुईसारखे दुधाचेच, जागच्या जागी. त्यांच्या अंदाजानं जेमतेम दोन महिन्यांचं. लसीच्या कार्डावर तारखा होत्या, पण बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर नाही, डॉक्टरचा शिक्का नाही. वय वाढवून सांगितलं की 'ट्रेन्ड' आणि 'लसीकरण पूर्ण' ही दोन्ही विधानं खरी वाटायला लागतात, याचा तेव्हा डोक्यात उजेड पडला. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन-तीन तास धरू शकतं. आम्ही आठ तास कोंडत होतो.

शीच्या तपासणीत जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी निघाला. ज्याचं पोट बिघडलंय त्याला धरून ठेव म्हणण्यात अर्थच नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झाले. साधारण तीन आठवड्यांपर्यंत आईच चाटून पिल्लांची शी-शू काढते आणि साफ करते. पुढे पाय फुटले की पिल्लं आपणहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करतात; क्रेटची पद्धत सगळी याच सवयीवर उभी आहे. आठव्या-नवव्या आठवड्याच्या आसपास पायाखाली काय असलं की मोकळं व्हायचं, तेही ठरत जातं. पण पिल्लू अरुंद पिंजऱ्यात बंद असेल तर लांब जाणार कुठे? तिथेच खाणं, तिथेच झोपणं, तिथेच सगळं. "याला कुणी शिकवलं नाही असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पिंजऱ्यानं शिकवलंय."

औषध सुरू झालं आणि क्रेट काही दिवस बाजूला गेला. त्याच्याऐवजी जाळीचं कुंपण, एका टोकाला झोपायची जागा, दुसऱ्या टोकाला पॅड. दिवसा दर तासाला पट्टा लावून बाहेर, त्याच एका जागी. काम झालं की तिथल्या तिथे खाऊ, घरात आल्यावर नाही. रात्री दोनदा गजर. फरशी एन्झाइमवाल्या क्लीनरनं पुसायची, अमोनियाचं काही वापरायचं नाही, कारण त्याचा वास पिल्लाला लघवीसारखाच वाटतो. पुढे क्रेट परत आणला तो मधे पडदी घालून, उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल एवढाच. मऊ अंथरूण काढून, आणि जेवणाची वाटी आत ठेवून. सव्वा महिन्यानं एका पहाटे पिल्लानं पहिल्यांदा क्रेटच्या दारावर पंजा मारला. इतका कर्कश आवाज मला आजवर इतका गोड वाटला नव्हता.

पैसे मिळाले नाहीत. मी फोन केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी जाहिरात काढून टाकलेली होती आणि तिचा स्क्रीनशॉट आमच्याकडे नव्हता. 'ट्रेन्ड', 'चार महिने', सगळं तोंडी किंवा फोनवर. पावतीवर फक्त 'एक पिल्लू' आणि रक्कम.

तो व्हिडिओ मात्र बहिणीकडे होता. परवा तिनं परत पाठवला. पिल्लू पॅडकडे येतंय, मी मागून हसतेय. मी तिथे थांबवून मोठा करून पाहिलं. पिल्लाचा पाय पॅडला लागायच्या आधीच पॅडच्या मधोमध वाळलेला पिवळा डाग आहे, आणि त्याच्या कडेला दुसरा.