मोठ्या रीफ टँकला क्लोज्ड लूप की वेव्हमेकर?

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि त्यात पाणी फिरवायचे हे दोन मार्ग. ६ फूट लांब, अडीच रुंद, २ उंच टँक म्हणजे साधारण ८५० लिटर पाणी, आणि एसपीएस (बारीक पॉलिपचे, दगडी सांगाड्याचे) कोरल ठेवायचे तर तासाला त्याच्या तीस-चाळीसपट तरी पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे २५ हजार लिटरच्या वरच की ओ.

क्लोज्ड लूप दिसायला एक नंबर. आत काहीच दिसत नाही, पंप बाहेर, पाइप दगडामागनं. पाणी टँकमधनंच ओढून टँकमध्येच सोडायचं, त्यामुळं उंचीचा लोड पंपावर येत नाही, फक्त पाइप आणि एल्बोचं घर्षण. पण काचेला भोकं आधीच पाडायला लागतात, तीही टफन्ड (तापवून कडक केलेली) नसलेल्या काचेलाच, टफन्डला ड्रिल लावला की काच चुरा झालीच समजा. शिवाय खालच्या भोकाचं वायसर गेलं तर अख्खा समुद्र हॉलमध्ये! पाणी बंद करायला बॉल व्हॉल्व्ह पंपाच्या दोन्ही बाजूला पाहिजेच.

वेव्हमेकर म्हणजे टँकच्या आत बसवायचा पंख्याचा पंप, तो आत लोंबकळतोय, दिसतोय, मान्य. पण प्रोपेलरमुळं कमी वॅटमध्ये रुंद, मऊ प्रवाह मिळतोय, दिशा कधीही बदला, समोरासमोर दोन लावून आलटून पालटून चालवा. आणि आमच्या बेळगाव-खानापूर भागात पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल देव जाणे, तेव्हा २४ व्होल्टचा डीसी वेव्हमेकर बॅटरीवर हळू चालतोय, पाण्यात ऑक्सिजन राहतोय. क्लोज्ड लूपचा मोठा एसी पंप घरच्या इन्व्हर्टरवर किती टिकणार?

मी तर वेव्हमेकरच घेईन, फक्त अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) असेल तर जाळी लावा, ते फिरत फिरत पंख्यात जातंय.